शून्याचे स्टेटमेंट

गेल्या महिन्यात एका गायकाने आपल्या पहिल्या अल्बमचे हक्क परत मागितले. खरे तर मागण्यासारखे त्यात काही नव्हते. पंधरा वर्षांचा परवाना संपत आला होता आणि मुदत संपल्यावर मास्टर, म्हणजे मूळ ध्वनिमुद्रणे, त्याच्याकडे परत जातील, असे करारात स्पष्ट लिहिलेले होते. तरीही त्याचे पत्र इतक्या संकोचाने लिहिलेले होते, की जणू तो आमच्याकडे उसने पैसे मागत होता. या काळात मी त्याला सहामाही रॉयल्टीची एकोणतीस स्टेटमेंट्स पाठवली आहेत. त्या प्रत्येकावर अगदी खाली, ‘देय रक्कम’ या शब्दांपुढे, शून्य होते. आणि त्याच्या वरच्या ओळीतला, अजून वसूल न झालेल्या अॅडव्हान्सचा, म्हणजे रॉयल्टीतून वळत्या व्हायच्या आगाऊ रकमेचा, उणे आकडा दर सहा महिन्यांनी किंचित लहान होत गेला होता. पत्राच्या शेवटी त्याने लिहिले होते, “शून्य असले तरी ते वेळेवर येत असे.” सव्वीस वर्षे मी स्वतंत्र संगीताच्या व्यवहाराची बाजू सांभाळते आहे, पण माझ्या कामाबद्दल एवढे नेमके कोणी बोलल्याचे मला आठवत नाही.

मी या क्षेत्रात आले ती कानाच्या जोरावर नव्हे. १९९९ मध्ये चार माणसांच्या एका लेबलला, म्हणजे अल्बम काढणाऱ्या कंपनीला, बुटांच्या खोक्यांत साठलेल्या पावत्या संगणकावर चढवून देणारे कोणीतरी हवे होते आणि मला स्प्रेडशीट वापरता येत होते, एवढीच माझी पात्रता होती. त्या लेबलचे सगळे अल्बम मला तोंडपाठ होते. मात्र त्यांपैकी कोणत्या अल्बमचा खर्च भरून निघाला आहे, हे लेबलच्या मालकांनाही सांगता येत नव्हते. बाहेरून पाहताना मला वाटत असे, की कलावंत आणि लेबल यांच्यातली भांडणे लबाडीमुळे होतात. लबाडी असतेच, ती मी पुढे भरपूर पाहिली. पण त्या खोक्यांसमोर बसल्यावर लक्षात आले, की बहुतेक वेळा पैसे कोणी खाल्लेले नसतात, हिशेबच केलेला नसतो. हिशेब राहून गेला, की काही काळाने तो करायचीच भीती वाटू लागते. भीती वाटू लागली, की फोन उचलले जात नाहीत. आणि फोन न उचलणाऱ्या माणसाला लोक चोर समजतात, त्यात लोकांचे फारसे चुकत नाही.

या हिशेबाला मुळातच दोन अंगे आहेत आणि नवोदितांना सर्वांत जास्त चकवते ते हेच. एका गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द आणि चाल मिळून झालेली रचना ही एक, आणि ती रचना ठरावीक माणसांनी ठरावीक दिवशी गायल्या-वाजवल्याचे ध्वनिमुद्रण ही दुसरी. दोन्हींचे मालक वेगळे असू शकतात, पैसे गोळा करणाऱ्या संस्था वेगळ्या असतात, मुदतीही वेगळ्या असतात. रचनेचे पैसे गोळा करण्याची पद्धत कशी रूढ झाली, ती गोष्ट मी नव्या सहकाऱ्यांना आवर्जून सांगते. १८४७ मध्ये पॅरिसच्या एका कॅफेत गीतकार एर्नेस्ट बूर्जे मित्रांबरोबर बसला असताना तिथे त्यांचीच गाणी सादर होत होती. बिल आले, तेव्हा त्याने ते द्यायचे नाकारले: आमच्या गाण्यांचे पैसे तुम्ही देत नाही, तर तुमच्या पेयांचे आम्ही का द्यावेत? प्रकरण न्यायालयात गेले, निकाल बूर्जेच्या बाजूने लागला आणि त्यातूनच १८५१ मध्ये ‘सासेम’ ही संस्था उभी राहिली, जी आजही रचनाकारांचे पैसे गोळा करते. या गोष्टीत प्रतिभेचा गौरव वगैरे काही नाही, एका बिलासमोर ठेवलेले दुसरे बिल आहे, म्हणूनच ती मला आवडते.

ध्वनिमुद्रणाच्या बाजूला प्रत्येक मुद्रणाला आयएसआरसी नावाचा बारा अक्षर-अंकांचा संकेतांक असतो. तो चुकला, किंवा रचनाकाराच्या नावातले एक अक्षर इकडचे तिकडे झाले, तर पैसे बुडत नाहीत. ते ‘जुळणी न झालेले’ या खात्यात जाऊन पडतात आणि ठरावीक मुदतीनंतर इतरांना वाटले जातात, जे माझ्या मते बुडण्याहून वाईट आहे. अमेरिकेत डिजिटल रेडिओचे पैसे साउंडएक्स्चेंज ही संस्था वाटते: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलावंताला आणि ५ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी. पाच टक्के म्हणजे काही मोठा वाटा नव्हे. पण साथीदाराची नोंदच झालेली नसेल, तर त्यातलेही काही त्याच्यापर्यंत पोहोचण्याची शक्यता उरत नाही. सुरुवातीच्या काळात एका अल्बमवर बास वाजवणाऱ्या बाईंचे नाव नोंदणीत घालायला मी विसरले होते. चार वर्षांनी त्यांनीच ते नम्रपणे दाखवून दिले. तेव्हापासून ध्वनिमुद्रण संपते त्याच दिवशी, सगळे थकलेले आणि खुशीत असताना, कोणी काय वाजवले आणि रचनेत कोणाचा किती वाटा आहे, याचा कागद मी भरून घेते. त्या दिवशी सगळे उदार असतात. गाणे गाजल्यावर तीच माणसे तोच कागद भरायला बसली, तर वाट्यांची बेरीज हमखास शंभराच्या वर जाते.

आता करारांविषयी, कारण माझ्या आयुष्याचा मोठा भाग त्यांतच गेला आहे. एक साधे उदाहरण घेऊ. अल्बमसाठी लेबलने १०,००० खर्च केले. त्यांतले ६,००० ध्वनिमुद्रणासाठी कलावंताला अॅडव्हान्स म्हणून दिले आणि उरलेले ४,००० रेकॉर्ड छापण्यावर व प्रसिद्धीवर गेले. पुढे अल्बमने २०,००० मिळवले. जुन्या पद्धतीच्या करारात कलावंताची रॉयल्टी समजा १८ टक्के आहे, म्हणजे ३,६००. ती आधी अॅडव्हान्समधून वळती होते, त्यामुळे कलावंत अजूनही उणे २,४०० वर असतो, आणि त्याच क्षणी लेबलच्या हातात मात्र १०,००० चा नफा असतो. यात कोणी फसवलेले नसते, अंकगणितच तसे आखलेले असते. निम्म्या-निम्म्या नफावाटणीत, जी अनेक स्वतंत्र लेबले वापरतात, आधी १०,००० खर्च वजा होतो आणि उरलेल्या १०,००० पैकी ५,००० कलावंताला मिळतात. म्हणून मी शक्यतो दुसराच करार करते. पण त्याचीही एक खोड आहे: इथे लेबलचा प्रत्येक खर्च अर्धा कलावंताच्या खिशातून जातो, त्यामुळे खर्चाचे रकाने त्याला दाखवायला लाज वाटणार असेल, तर हा करार जुन्या कराराहून अधिक घातक ठरतो. सुरुवातीला ज्या गायकाचा उल्लेख केला, त्याचा करार पहिल्या पद्धतीचा होता. तो मी केलेला नव्हता, माझ्या आधीच्या व्यवस्थापनाकडून तो माझ्याकडे आला, हे खरे असले तरी त्याच्या आडून मला फार काळ लपता आले नाही.

स्वतंत्र लेबलांच्या जगात ‘आम्ही करार करतच नाही’ असे अभिमानाने सांगण्याची एक परंपरा आहे आणि तरुणपणी मीही तिच्या मोहात होते. १९७८ मध्ये मँचेस्टरमध्ये सुरू झालेल्या फॅक्टरी रेकॉर्ड्सची ख्यातीच ती होती. सगळे काही संगीतकारांचे, कंपनीचे काहीच नाही, अशा आशयाचा एक कागद एवढीच काय ती त्यांची लिखापढी. १९९२ मध्ये कंपनी कर्जात बुडाली आणि लंडन रेकॉर्ड्सने ती विकत घेण्याची बोलणी सुरू केली, तेव्हा त्याच कागदामुळे कळले, की विकण्यासारखे कंपनीकडे काही नाहीच. मास्टर बँडच्या मालकीचे होते. कलावंतांच्या दृष्टीने हे चांगलेच झाले, पण कंपनीने केलेल्या उधाऱ्या ज्यांच्या थकल्या, त्यांच्या दृष्टीने नव्हे. याउलट वॉशिंग्टनचे डिस्कॉर्ड हे लेबल १९८० पासून बिनकराराचेच चालले आहे. दोन्हीकडे कागद नव्हता, मग फरक कुठे होता, हा प्रश्न मला बरीच वर्षे सतावत असे. माझे उत्तर असे, की डिस्कॉर्डने खर्च आपल्या मापाचा ठेवला आणि ज्याचे त्याला देत राहिले, तर फॅक्टरीने नाइटक्लब चालवला, महागडी इमारत घेतली आणि हिशेब हा कंटाळवाण्या लोकांचा उद्योग मानला. कागद नसल्याने कोणी मरत नाही. कागद नाही आणि हिशेबही नाही, अशी दुहेरी चैन मात्र परवडत नाही.

तिसरे उदाहरण याहून अवघड आहे. शिकागोचे टच अँड गो हे लेबल तोंडी शब्दावर आणि निम्म्या नफावाटणीवर चालत असे आणि प्रामाणिकपणाबद्दल त्याचा लौकिक होता. त्यांच्याच एका बँडने, बटहोल सर्फर्सने, आपले जुने अल्बम परत मागितले, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये अपील न्यायालयाने निर्णय दिला, की ज्या कराराला मुदतच ठरलेली नाही, तो कोणताही पक्ष केव्हाही संपवू शकतो. मी नुकतीच कामाला लागले होते आणि आमच्या छोट्याशा कचेरीत त्या निकालावर आठवडाभर वाद चालला होता. बँड कृतघ्न, असे बहुतेकांचे मत होते. मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते, की मैत्रीला मुदत लिहायची लाज वाटणे, ही लेबलचीच चूक होती. दुसऱ्या टोकाला स्टॅक्स आहे. मेम्फिसच्या या कंपनीने १९६५ मध्ये अटलांटिक या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीशी वितरणाचा लेखी करार केला. मालक जिम स्टुअर्ट यांनी तो नीट वाचला नाही आणि १९६८ मध्ये संबंध तोडायची वेळ आली, तेव्हा त्यांना समजले, की अटलांटिकने वितरित केलेले सर्व मास्टर एका कलमाने अटलांटिकचे झाले आहेत. इतक्या वर्षांची कमाई एका न वाचलेल्या परिच्छेदात गेली. करार वाचून डोळे चुरचुरू लागले, की मी उठते, तोंडावर पाणी मारते आणि स्टुअर्ट यांचे स्मरण करून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करते.

छोटी लेबले अपयशाने बुडतात, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या पाहण्यात ती यशानेही तितकीच बुडतात. एखादी रेकॉर्ड अचानक चालू लागली, की कारखान्याला नव्या छपाईचे पैसे आगाऊ द्यावे लागतात, वितरक मात्र विक्रीचे पैसे तीन-चार महिन्यांनी देतो आणि न खपलेल्या प्रती परत येतील म्हणून काही रक्कम राखूनही ठेवतो. मधली दरी जितकी विक्री मोठी तितकी रुंद होते. १९५५ मध्ये सन रेकॉर्ड्सच्या सॅम फिलिप्स यांनी एल्विस प्रेस्लीचा करार आरसीए या बड्या रेकॉर्ड कंपनीला ३५,००० डॉलरना विकला, ही गोष्ट महामूर्खपणाचा नमुना म्हणून सांगितली जाते. सांगणाऱ्यांनी बहुधा कधी छपाईचे बिल भरलेले नसते. फिलिप्स यांना देणी होती, लेबल चालवायचे होते, दुसरे कलावंत हाताशी होते. त्यांनी एक विकून बाकीचे वाचवले. त्यांच्या जागी मी असते तर काय केले असते, हे मला अजून ठरवता आलेले नाही, पण हसले मात्र नसते.

आमच्यावर बुडायची वेळ आली ती वितरकामुळे. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये रफ ट्रेडची वितरण कंपनी कोसळली, तेव्हा तिच्यावर विसंबलेल्या कितीतरी लेबलांचे पैसे अडकले, हे मी वाचलेले होते; वाचलेले असणे आणि अंगावर येणे यांत फार अंतर असते. माझ्या कारकिर्दीच्या आठव्या वर्षी आमच्या वितरकाने एका शुक्रवारी व्यवहार बंद केला. चार महिन्यांच्या विक्रीचे पैसे त्याच्याकडे होते, आणि दिवाळखोरीत आम्ही विनातारण धनको, म्हणजे रांगेत बँकेच्या आणि कराच्या मागे, शेवटी उभे. त्या पैशांचा निम्म्याहून अधिक भाग मुळात आमचा नव्हताच, तो कलावंतांचा होता. पण तो आमच्या नावावर अडकलेला होता, एवढे कायद्याला पुरेसे होते. मी एकेका कलावंताला फोन केले. एकाने शिव्या दिल्या, दोघे रडले, एकीने उलट मलाच धीर दिला. पैसे मिळोत न मिळोत, तुमचा हिस्सा आम्ही देऊ, असे मी सांगून बसले आणि ते शब्द पाळायला चौदा महिने लागले. त्या काळात एकही नवा अल्बम निघाला नाही. तेव्हापासून कलावंतांचा हिस्सा ज्या दिवशी येतो त्याच दिवशी वेगळ्या खात्यात जातो आणि पगार थकले तरी त्या खात्याला हात लागत नाही. लोकांना वाटते, की मला पुढे चांगले बँड मिळाले ते माझ्या आवडीनिवडीमुळे. त्या चौदा महिन्यांची हकीकत कलावंत एकमेकांना सांगत असत, हे मला फार उशिरा कळले.

२०११ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या दंगलीत एनफील्डचे सोनीचे गोदाम जळाले आणि पायस या वितरकाने तिथे ठेवलेला शंभराहून अधिक स्वतंत्र लेबलांचा साठा एका रात्रीत गेला. आमचा माल तिथे नव्हता. पण दुसऱ्या दिवशी मी विम्याची कागदपत्रे काढून बसले आणि पाहते तर आमचा विमा छपाईच्या किमतीचा होता, पुन्हा छापून होईपर्यंत जी विक्री बुडेल तिचा नव्हता. अशा गोष्टी उत्साहाने कोणी बोलत नाही.

स्ट्रीमिंगने पैशांचे स्वरूपच बदलले. पूर्वी रेकॉर्ड विकली जाई तेव्हा एकदाच एक रक्कम येई, आता गाणे ऐकले जाईल तितक्या वेळा एक कण येतो, आणि कण मोजायला यंत्रणा लागते. एकट्या छोट्या लेबलला मोठ्या सेवेकडून बरे दर मिळवता येत नाहीत, म्हणून स्वतंत्र लेबलांनी एकत्र येऊन २००७ मध्ये मर्लिन ही संस्था काढली, जी सगळ्यांच्या वतीने वाटाघाटी करते. २०१५ मध्ये अॅपल म्युझिकने पहिल्या तीन महिन्यांच्या मोफत काळात हक्कधारकांना काहीच न देण्याचे ठरवले होते, तेव्हा स्वतंत्र लेबलांनी ते मान्य केले नाही. गायिका टेलर स्विफ्टने त्याविरुद्ध लिहिलेल्या जाहीर पत्रानंतर कंपनीने निर्णय फिरवला. श्रेय पत्राला मिळाले, त्याबद्दल माझी तक्रार नाही, आम्हाला पैसे मिळाले. २०२४ पासून स्पॉटिफायवर आधीच्या बारा महिन्यांत १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाची रॉयल्टीच मिळत नाही. आमच्या कॅटलॉगमधली कितीतरी गाणी या रेषेखाली आहेत. ती ऐकली गेली, हे मला आकड्यांत दिसते, आणि त्या ऐकण्याच्या पुढे रकान्यात काही नाही. कलावंतांचे संगीत थेट श्रोत्यांना विकणाऱ्या बँडकॅम्प या सेवेने ही पोकळी बऱ्याच जणांसाठी भरून काढली. पण तीही दीड-दोन वर्षांत दोनदा विकली गेली, २०२२ मध्ये आणि मग २०२३ मध्ये, आणि दुसऱ्या विक्रीनंतर सुमारे निम्मे कर्मचारी गेले. एका सेवेकडून एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त येऊ लागले, की मी अस्वस्थ होते. हा काही शास्त्रीय आकडा नाही, माझ्या झोपेचा आहे.

कानाबद्दल एवढेच सांगते, की चाळिशीनंतर मी नवे बँड निवडणे सोडले. उजव्या कानात बारीक शिट्टी कायमची राहायला आली आहे. कानात बोळे घालायला मी दहा वर्षे उशीर केला. आता तरुण सहकारी निवडतात आणि मी फक्त एक प्रश्न विचारते: एकही प्रत खपली नाही तर आपण किती गमावू, आणि तेवढे गमावून पुढचा अल्बम काढता येईल का? याचे उत्तर हो असेल, तर मला ते संगीत आवडते की नाही, हा प्रश्न गैरलागू असतो.

जुने अल्बम टिकवून ठेवणे हा मात्र माझा हट्ट आहे. मोझेस ॲश यांनी १९४८ मध्ये फोकवेज हे लेबल सुरू केले आणि दोन हजारांहून अधिक अल्बम काढले. वर्षाकाठी मोजक्याच प्रती खपणारा अल्बमही त्यांनी यादीतून काढला नाही, आणि त्यांच्या निधनानंतर १९८७ मध्ये स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेने संग्रह घेतला तो सर्व अल्बम उपलब्ध ठेवण्याच्या अटीवर. आमच्याकडे अकरा वर्षांपूर्वी निघून विसरला गेलेला एक वाद्यसंगीताचा अल्बम होता. एका छोट्या चित्रपटाला त्यातले गाणे हवे होते आणि संकलन दोन दिवसांत संपणार होते. अशा वेळी मास्टर आणि रचना या दोन्हींची परवानगी लागते. भरून घेतलेला कागद फायलीत होता, तिन्ही रचनाकारांचे चालू फोन क्रमांक होते, आणि संध्याकाळपर्यंत होकार गेला. चित्रपटवाल्यांची पहिली पसंती दुसऱ्याच गाण्याला होती, असे नंतर कळले; त्या गाण्याचा एक सहलेखक कोणाला सापडला नव्हता.

त्या गायकाला मात्र असे काही लाभले नाही. त्याच्या अल्बमला ना चित्रपट भेटला, ना कोणी नव्याने शोधून काढले. या आठवड्यात मी त्याच्या हस्तांतराची सामग्री बांधली: मूळ मिश्रणाच्या फायली, मास्टर, मुखपृष्ठाच्या छपाईयोग्य प्रती, वाट्यांचे कागद, साथीदारांच्या नोंदी, आणि अकरा आयएसआरसी संकेतांकांची यादी, सोबत एक सूचना, की नवा वितरक नवे संकेतांक देऊ लागला तर घेऊ नका. मालक बदलला तरी मुद्रण तेच असते. संकेतांक तोच ठेवला, तर आजवर किती वेळा ऐकले गेले याची मोजणी बहुतेक सेवांवर त्याच्याबरोबर जाते. मग तिसावे स्टेटमेंट काढले. आरंभीची शिल्लक उणे ४१२, या सहामाहीची रॉयल्टी ३८, अखेरची शिल्लक उणे ३७४. त्याखाली एक ओळ मी हाताने घातली, कारण आमच्या प्रणालीत तिच्यासाठी जागा नाही: उर्वरित रक्कम लेबलने सोडून दिली आहे. देय रक्कम शून्य. मुदत तीस तारखेची होती, मी ते सव्वीसला पाठवले.